घुमटावरची टिक

ध्वनिमुद्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी कोणता माइक घेऊ, भिंतीला फोम लावू का, अशी विचारणा असते. या दिवसांत घुमट, शामेळ या तालवाद्यांवर आरत्या म्हणणाऱ्या मंडळांची ध्वनिमुद्रणं घाईला आलेली असतात आणि बहुतेक पत्रं जोडण्यांबद्दल असतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यातली चूक मी स्वतः केलेली आहे.

प्रश्न : घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ केलाय. आठ चॅनेलचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज आकड्यांत करून संगणकात नेणारं यंत्र) आधीपासून होता. घुमट आरतीला माइक कमी पडतात म्हणून आठ चॅनेलचा जुना प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) विकत घेतला आणि ऑप्टिकल केबलने इंटरफेसच्या ॲडॅट इनपुटला (एका केबलवरून आठ चॅनेल घेणारी खाच) जोडला. सोळाही चॅनेल दिसतात, आवाजही येतो. पण घुमटावर आणि शामेळावर मधूनच ‘टिक’ पडते. गायकांच्या ट्रॅकवर काही नाही. केबल तीनदा बदलली. दुकानदार म्हणतो, प्रीअँप गेलाय. परत करू का?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : परत करू नका, भाऊ. ‘गायकांच्या ट्रॅकवर काही नाही’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळं त्यातच आलं. गायक तुम्ही इंटरफेसच्या स्वतःच्या चॅनेलवर घेतले असणार आणि घुमटं नव्या प्रीअँपवर. म्हणजे टिक फक्त ऑप्टिकल केबलवरून येणाऱ्या चॅनेलवर आहे.

आधी खात्री करून घ्या. नवव्या चॅनेलला, म्हणजे प्रीअँपच्या पहिल्याला, माइक लावा, समोर पेटी ठेवा आणि एकच स्वर मिनिटभर धरून रेकॉर्ड करा. शांततेत ही चाचणी घेऊ नका. गप्प असलेल्या ट्रॅकवर एखादा सॅम्पल, म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, गळला तर कानाला काहीच लागत नाही. लांब स्वर चालू असताना तो गळला की लाटेला मध्येच पायरी पडते, आणि आपल्याला ऐकू येते ती टिक म्हणजे ही पायरी. ट्रॅक मोठा करून पडद्यावर बघितलात तर ती डोळ्यांनाही दिसते. गोल चढणारी रेघ एका जागी तुटून वर किंवा खाली सरकलेली असते.

आता मनगटावरचं घड्याळ घेऊन टिका मोजा. सारख्या अंतराने पडत असतील तर दोष क्लॉकचा. केबल हलवली की खरखर होते आणि अंतराला काही ताळमेळ नाही, तर केबलचा किंवा खाचेत साठलेल्या धुळीचा. आणि सगळ्याच सोळा ट्रॅकवर येते, सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) वाढवला की कमी होते, असं असेल तर संगणक दमतोय. या तिघांची औषधं वेगळी आहेत, म्हणून निदान आधी. तुमच्या बाबतीत क्लॉकच निघणार, असं मला जवळजवळ नक्की वाटतं.

हे क्लॉक म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण एकदा कळलं की पुढची कुठलीही जोडणी अडणार नाही. ४८ किलोहर्ट्झवर काम करणारं यंत्र सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं घेतं. कधी घ्यायची ते त्याच्या आतला क्वार्ट्झचा स्फटिक सांगतो. तुमच्या प्रीअँपमध्ये एक स्फटिक आहे आणि इंटरफेसमध्ये दुसरा. दोन्ही चांगले आहेत, पण तंतोतंत सारखे असणं शक्य नाही. दहा लाखांत २० चा फरक अगदी सामान्य मानला जातो. त्याचा हिशोब करा: ४८,००० च्या वेगाला दर सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल इकडेतिकडे. प्रीअँप एक जास्त पाठवतो आणि इंटरफेसला तो ठेवायला जागा नसते, किंवा इंटरफेस मागतो आणि प्रीअँपकडे अजून तयार नसतो. दोन्हीकडे टिक.

भजनात पखवाजी ठेका धरतो आणि टाळकरी त्याच्या मागे जातात. दोन पखवाजींना दोन खोल्यांत बसवलं, एकमेकांना ऐकू दिलं नाही, तर दोघेही लयीचे कितीही पक्के असले तरी काही आवर्तनांनंतर त्यांची सम एकत्र येणार नाही. तुमच्या माडीवर हेच चाललंय. दोन्ही यंत्रं ‘इंटर्नल’वर, म्हणजे आपापल्या स्फटिकावर, आहेत. एकाला पुढे जाऊ द्या आणि दुसऱ्याला त्याच्या मागे लावा.

त्याचे दोन रस्ते. सोपा रस्ता असा: प्रीअँप ‘इंटर्नल’वरच ठेवा, त्याचा सॅम्पल रेटचा खटका ४८ वर करा, आणि इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्लॉक सोर्स’ किंवा ‘सिंक’ असं जे लिहिलेलं असेल तिथे ‘इंटर्नल’ काढून ‘ॲडॅट’ निवडा. नवीन केबल लागत नाही. तोटा एकच, प्रीअँप बंद असेल त्या दिवशी इंटरफेसला धरायला क्लॉक उरत नाही आणि तुम्ही नुसता एक गायक घ्यायला बसलात तरी आवाज अडतो किंवा वेडावाकडा येतो.

म्हणून मला दुसरा रस्ता आवडतो. इंटरफेस रोज चालू असतो, तोच मास्टर. त्याच्या ॲडॅट आउटपासून प्रीअँपच्या ॲडॅट इनपर्यंत दुसरी ऑप्टिकल केबल टाका आणि प्रीअँपला ‘एक्स्टर्नल’वर ठेवा. मग क्लॉक एका केबलने जातं आणि आवाज दुसऱ्या केबलने परत येतो. काही प्रीअँपना ॲडॅट इन नसतं, वर्ड क्लॉकची, म्हणजे नुसतं क्लॉक नेणारी, बीएनसी खाच असते. इंटरफेसला वर्ड क्लॉक आउट असेल तर तीही चालते. तिथे केबल ७५ ओमचीच हवी. आपल्या बाजारात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी मिळणारी आरजी-५९ ही ७५ ओमची असते. वॉकीटॉकीच्या अँटेनाला लावतात ती आरजी-५८ दिसायला तशीच, पण ५० ओमची, ती घेऊ नका. केबलच्या बाहेरच्या आवरणावर बारीक अक्षरांत नंबर छापलेला असतो, दुकानातच वाचून घ्या. तुमच्या प्रीअँपला यांतली एकही खाच नसेल तर मुकाट पहिला रस्ता धरा. तोही तितकाच बरोबर आहे.

सेटिंग बदलल्यावर ‘लॉक’चा दिवा बघा. तो स्थिर राहिला पाहिजे. लुकलुकत असेल तर दोघांचं जुळलेलं नाही, मग आवाज ठीक वाटला तरी रेकॉर्डिंग सुरू करू नका. आणि कुणी वेगळं मास्टर क्लॉकचं यंत्र घ्यायला सांगितलं तर दोन यंत्रांसाठी त्यात पैसे घालू नका. ते पैसे एका चांगल्या माइकला द्या.

आता माझं सांगतो. फोंड्यात स्टुडिओ सुरू करून फार दिवस झाले नव्हते. आमच्या बाजूच्या गावातले एक वयोवृद्ध भजनी गायक, पंचाहत्तरी उलटलेले, मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले. चाळीस मिनिटं गायले, न थांबता. अभंग संपल्यावर त्यांनी फक्त कोमट पाणी मागितलं. मी हेडफोनवर ऐकलं होतं, पण सोबत पखवाज आणि टाळ जोरात होते, त्यात टिक झाकली गेली. ती कळली रात्री, त्यांचा आवाज एकटा लावला तेव्हा. दर दहा सेकंदांनी एक. दोन्ही यंत्रं इंटर्नलवर राहिली होती. पुन्हा बोलावीन म्हटलं, पण तो पावसाळा त्यांना काढता आला नाही. त्या चाळीस मिनिटांत दोनशे चाळीसच्या आसपास टिका होत्या. मी एकेक मोठी करून पेन्सिलच्या टूलने रेघ जोडत गेलो, अकरा रात्री लागल्या. बहुतेक निघाल्या. खर्जातल्या लांब आलापातल्या तीन-चार अजून मला ऐकू येतात. त्यांच्या घरच्यांना येत नाहीत, पण मला येतात.

तेव्हापासून माणसं आत यायच्या आधी मी लॉकचा दिवा बघतो आणि पेटीचा एक मिनिटाचा स्वर रेकॉर्ड करतो. तुम्हीही करा. झालेल्या रेकॉर्डिंगमधल्या टिका सेटिंग बदलल्याने जाणार नाहीत. घुमटाच्या ठोक्यांत लपणाऱ्या सोडून द्या, उरलेल्या हाताने काढा, आणि मंडळ पुन्हा यायला तयार असेल तर सरळ पुन्हा घ्या.

तुम्ही विचारलेलं नाही, पण घुमटाचं आहे म्हणून आणखी एक सांगतो. घुमटाला दोन माइक लावत असाल, एक कातड्याकडे आणि एक मागच्या उघड्या तोंडाकडे, जिथे वादकाचा हात उघडझाप करतो, तर दोन्ही माइक एकाच यंत्रावर घ्या. एक इंटरफेसवर आणि एक प्रीअँपवर असं वाटून देऊ नका. आवाजाचे आकडे करायला प्रत्येक यंत्र आपापला वेळ घेतं. समजा दोघांत ४० सॅम्पलचा फरक पडला. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यात आवाज हवेतून २८-२९ सेंटीमीटर जातो, जणू कुणी एक माइक वीतभराहून जास्त मागे सरकवला. घुमटाचा पोटातला घुमारा त्याने पातळ होतो आणि आपण उगाच इक्वलायझर फिरवत बसतो. शिवाय मागच्या माइकवर पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण दाबून आणि सोडून, दोन्ही तऱ्हांनी ऐका. ज्या तऱ्हेने खालचा आवाज भरून येतो ती ठेवा.

आणि एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा: माइक कुठला, प्रीअँपचा कितवा, ॲडॅटचा कितवा, सॉफ्टवेअरमधला इनपुट कितवा. प्रीअँपचा पहिला म्हणजे सॉफ्टवेअरमधला नववा, हे आज लक्षात असतं. दहा माणसं घुमटं घेऊन दारात उभी असताना राहत नाही.

प्रश्न : सर, मी महाविद्यालयात आहे. ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायला गेलो तर ॲडॅटचे आठऐवजी चारच चॅनेल दिसतात. केबल बिघडली का?
(एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : केबल ठीक आहे. ॲडॅटची ही वाट अलेसिस कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या आठ ट्रॅकच्या टेप यंत्रासाठी काढली, तीच पुढे सगळ्यांनी उचलली. तिच्यातून ४८ किलोहर्ट्झचे आठ चॅनेल मावतात. ९६ ला प्रत्येक चॅनेलचे आकडे दुप्पट होतात, म्हणून एकाला दोघांची जागा द्यावी लागते आणि चारच उरतात. आठ हवे असतील तर दोन्ही यंत्रांना ऑप्टिकल खाचांच्या दोन जोड्या असाव्या लागतात. माझा सल्ला विचारशील तर ४८ आणि २४ बिट ठेव, आणि सर्वांत मोठा ठोका शून्याच्या बराच खाली राहील एवढाच गेन दे.

एक लक्षात असू दे. त्याच खाचेत स्पीडिफचं (डिजिटल आवाज नेण्याची दुसरी पद्धत) ऑप्टिकलही बसतं, त्यात फक्त दोन चॅनेल असतात आणि त्याची भाषा वेगळी. खाच बसली म्हणून बोलणं जुळलं असं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ऑप्टिकल’ समोर काय निवडलंय ते बघ.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूं आवाज येतो. चार्जर काढला की जातो. मार्च ते मे या दिवसांत जास्त. एका ओळखीच्याने प्लगची अर्थिंगची पिन कापायला सांगितली आहे.
(एक वाचक, साखळी)

उत्तर : पिन कापू नका. आवाज जाईल, पण एखाद्या दिवशी यंत्राच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर ती जमिनीत न जाता माइक धरलेल्या माणसातून जाईल. गायकाचा ओठ माइकला लागलेला असतो, हे विसरू नका.

लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर सगळे एकाच बोर्डवर आणा. निम्म्या घरांत घूं तिथेच थांबते. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (वाटेत शिरलेला गोंगाट रद्द करणारी) वापरा. आपल्याकडे चिऱ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा असतो, आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. तुमचा मार्च-मेचा अनुभव त्याच्याशी जुळतो. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून मोजायला सांगा आणि खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. दोन यंत्रं ऑप्टिकलने जोडता येत असतील तर तशी जोडा, प्लास्टिकच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे त्या वाटेने घूं येऊच शकत नाही.

प्रश्न : माझे वडील गावच्या उत्सवी नाटकांत गात. १९९० च्या दशकात त्यांच्या एका मित्राने डॅट यंत्रावर (छोट्या कॅसेटवर डिजिटल आवाज घेणारं) ती पदं रेकॉर्ड केली होती. यंत्र आणि सहा कॅसेट आता माझ्याकडे आल्या. डॅटच्या आउटपुटपासून इंटरफेसच्या स्पीडिफ इनपर्यंत केबल लावून पहिली कॅसेट संगणकात घेतली. रेकॉर्ड होताना आवाज नीट होता. दुसऱ्या दिवशी लावली तर बाबा घाईने, वरच्या पट्टीत, पोरसवदा आवाजात गाताहेत. कॅसेट जुनी आहे, पुन्हा चालवायची भीती वाटते.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : ताई, पुन्हा चालवायची गरज नाही. तुमच्या बाबांचा आवाज संगणकात जसाच्या तसा उतरला आहे, फक्त फाइलवरची पाटी चुकली आहे.

झालं असं. डॅटवर ४८, ४४.१ किंवा ३२ किलोहर्ट्झ, यांपैकी कशावरही रेकॉर्ड करता येतं. तुमची कॅसेट ४४.१ ची असावी. तुम्ही इंटरफेस बाहेरच्या क्लॉकवर लावला होता, ते बरोबरच. वाजवताना डॅटच मास्टर असतो, दुसरा पर्याय नाही. पण सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ४८ चा होता. सेकंदाला ४४,१०० आकडे आले, ते सगळे जपून ठेवले गेले, आणि फाइलच्या माथ्यावर लिहिलं गेलं ४८,०००. डॅट चालू होता तोवर इंटरफेस त्याच्या वेगाने चालत होता, म्हणून आवाज नीट. दुसऱ्या दिवशी डॅट बंद, इंटरफेस स्वतःच्या ४८ वर, आणि तेच आकडे भराभर बाहेर.

माझा अंदाज पडताळून बघा. डॅटच्या काउंटरवर कॅसेट ६० मिनिटांची होती आणि फाइल ५५ मिनिटं ७ सेकंदांची दिसत असेल, तर हेच झालंय. स्वर साधारण पेटीवरच्या दीड घराने (काळी-पांढरी दोन्ही धरून) चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येतो, पेटीवर न सापडणाऱ्या जागी. ती खूण पक्की.

उपाय दोन मिनिटांचा आहे, पण एका शब्दाला जपा. ऑडिओ एडिटरमध्ये सॅम्पल रेट बदलायच्या दोन वेगळ्या आज्ञा असतात. ‘रीसॅम्पल’ किंवा ‘कन्व्हर्ट’ म्हणतात ती नको. ती चुकीच्या चालीतच सगळे आकडे नव्याने काढेल. फाइलचा रेट नुसता ‘सेट’ करायची, म्हणजे आकड्यांना हात न लावता फक्त पाटी ४४,१०० अशी लिहायची आज्ञा हवी. आधी मूळ फाइलची प्रत काढून बाजूला ठेवा आणि प्रतीवर काम करा.

उरलेल्या पाच कॅसेटसाठी: घालण्याआधी प्रत्येकीची मागच्या कडेवरची सरकती खिट्टी उघडी करा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. पावसात कॅसेट लगेच लावू नका. कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवा, आणि खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली तर यंत्रात घालूच नका, जाणत्याकडून साफ करून घ्या. कॅसेट सुरू केली की डॅटच्या पडद्यावर कुठला आकडा येतो ते बघा आणि प्रोजेक्ट त्याच आकड्याचा उघडा. एका कॅसेटवर मध्येच रेट बदललेलाही असतो, म्हणून नवं पद सुरू झालं की पडद्यावर नजर टाका. केबलचं म्हणाल तर आरसीए प्लगची ७५ ओमची हवी. जुन्या व्हीसीडी प्लेअरबरोबर आलेली व्हिडिओची पिवळी केबल घरात असेल तर ती छान चालते. लाल-पांढऱ्यातली घेऊ नका.

पाटी बदलून झाली की पेटी जवळ घ्या. तुमचे बाबा कुठल्या पट्टीत गात ते घरात कुणाला तरी आठवत असेलच. ती पट्टी धरा, फाइल सुरू करा आणि त्यांचा षड्ज पेटीला लागतो का ते ऐका.